पमोन्या करायची तर कणीस चिकात पाहिजे

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातलं बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग खाण्यावर आहे, पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसेल असा नाही. पदार्थाचं नाव पमोन्या. ब्राझीलचा आहे. मक्याचं कोवळं कणीस किसायचं, त्यात दूध-साखर किंवा मीठ-मिरची घालायची, तो लगदा कणसाच्याच पानांत बांधायचा आणि उकळत्या पाण्यात शिजवायचा. सांगायला एवढंच. करायला अख्खा दिवस आणि घरभर माणसं लागतात. ती का लागतात, त्याबद्दलच आज जास्त बोलणार आहे.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव बीड जिल्ह्यातलं, पाटोदा तालुक्यात. आमच्या टीममध्ये साओ पाउलो राज्यातली एक सहकारी आहे. तिच्या आणि आपल्या घड्याळात साडेआठ तासांचा फरक, म्हणजे तिची सकाळ होते तेव्हा आपला संध्याकाळचा चहा झालेला असतो. स्टँडअप सुरू व्हायच्या आधी दोन-चार मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका सोमवारी ती म्हणाली, हात दुखतायत, काल आम्ही वीस जणांनी मिळून पमोन्या केल्या. मी म्हटलं, पमोन्या म्हणजे काय? तिनं फोटो पाठवला. कणसाच्या पिवळट पडलेल्या पानांची बांधलेली पुडकी, ढीगभर. मला पहिल्यांदा आठवली ती कोकण-गोव्याकडची हळदीच्या पानातली पातोळी, आणि मग आपलं दिंड. तेव्हापासून दरवर्षी पोळा ते महालक्ष्म्या या दिवसांत मी गावाकडं जातो आणि आम्ही पमोन्या करतो.

नावाची थोडी मजा आहे. पमोन्या हा तुपी भाषेतला शब्द, ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या. अर्थ साधारण 'चिकट'. पोर्तुगीजमध्ये मंद, ढिल्या माणसालाही पमोन्या म्हणतात, आपण ठोंब्या म्हणतो तसं. हे तुपी वगैरे फार लांबचं वाटतंय ना? पण अननस आणि काजू हे दोन्ही शब्द त्याच भाषाकुळातून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडं आलेत. मका अमेरिका खंडातला, मिरची तिकडची, शेंगदाणा तिकडचा, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद तिकडचा. आणि बीडवाल्यांनो, धक्का बसेल, पण ज्या सीताफळाला २०१६ साली बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बालाघाटाच्या डोंगरावर जे आपोआप उगवल्यासारखं वाढतं, ते झाडही मुळात अमेरिका खंडातलंच. त्यामुळं 'परदेशी पदार्थ' म्हणून नाक मुरडायच्या आधी ठेच्याकडं एकदा बघा.

आता मूळ मुद्दा. मका कुठला घ्यायचा?

मॉलमध्ये, सिग्नलवर, सगळीकडं मिळतं ते स्वीटकॉर्न. पमोन्याला ते चालत नाही. तिनं मला आधीच सांगितलं होतं, तरी मी इंजिनिअर, म्हणून पहिल्याच वर्षी दोन्हीचा लगदा मुद्दाम शेजारीशेजारी उकडून बघितला. स्वीटकॉर्नचा आत पातळच राहिला, खिरीसारखा वाहायला लागला. शेतातल्या साध्या मक्याचा वडीसारखा बसला. कारण सोपं आहे. दाण्यात आधी साखर येते, मग झाड त्या साखरेचं स्टार्च करतं. स्वीटकॉर्नमध्ये एका जनुकातल्या बदलामुळं हे काम नीट होत नाही, म्हणून तो गोड राहतो. पण पमोन्या बांधून ठेवतो तो स्टार्चच. तुमच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होत असतील तर हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. गव्हाचा चीक पाण्यात पांढरा, पातळ असतो, पातेल्यात ढवळत राहिलं की एका क्षणी एकदम घट्ट, चमकदार होतो. तोच प्रकार इथं पानाच्या आत होतो. साधारण पासष्ट-सत्तर अंशाला मक्याचं स्टार्च पाणी पिऊन फुगतं आणि गोळा धरतो.

मग साधा मका, पण कधीचा? हे सांगायला आपल्याकडं जे शब्द आहेत ते मला इंग्रजीतही इतके नेमके सापडले नाहीत. दाणा आधी दुधात येतो, मग चिकात, मग हुरड्यात, मग टणक. पमोन्याला कणीस पाहिजे चिकात, हुरड्याकडं झुकलेलं. नखानं दाणा दाबायचा. पाण्यासारखं उडालं तर थांबा. घट्ट सायीसारखं बाहेर आलं तर आजच तोडा. नख रुतलंच नाही तर गेलं, आता कोंबड्यांना घाला. ही खिडकी जेमतेम आठवडाभराची असते. जूनच्या मध्याला पेरलेला मका ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथं पोचतो. सुट्टी त्याप्रमाणं टाकायची. मॅनेजरला कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

एक काळजीची गोष्ट. २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडं मक्यावर सगळीकडं आहे, आणि शेतकरी पोंग्यात औषध मारतात. जनावराच्या चाऱ्यासाठी असो की माणसाच्या ताटासाठी, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. कणसं कोणाच्याही शेतातून घ्या, पण शेवटची फवारणी कधी झाली हे विचारूनच घ्या. इथं आपण दाणाच नाही, पानही वापरतोय.

आणि आता जिथं खरी घासाघीस झाली ते सांगतो. आमच्याकडं मका माणसासाठी लावतच नाहीत. पाच-सहा कणसं पोरं भाजून खातात तेवढंच. बाकी सगळा मुरघासाला. आमच्या सहा गाई आहेत. मका चिकातून हुरड्यात जात असतो त्याच दिवसांत कुट्टी मशीन बोलावून उभा मका कापतात, दाबून पिशव्यांत भरतात. म्हणजे पमोन्याची खिडकी आणि मुरघासाची खिडकी एकच. आणि मुरघासाचा जीव दाण्यात असतो. कणसं काढून घेतली तर उरतो तो नुसता पाला. वर्षभर दुधाचा हिशोब त्यावर चालतो. त्यामुळं 'अण्णा, साठ-सत्तर कणसं लागतील' हे मी जितक्या हलक्यानं म्हटलं, तितक्या हलक्यानं त्यांनी ऐकलं नाही.

"कशाला?"

"ब्राझीलचा एक पदार्थ करायचाय."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार तास घे. कणसं तुझी, ताटं माझी."

शहरातल्या मंडळींसाठी: तास म्हणजे घड्याळातला नाही, पेरणीची ओळ. मशीनवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यामुळं डेडलाइन खरी होती, आमच्या स्प्रिंटसारखी पुढं ढकलता येणारी नव्हती.

साठ कणसं म्हणजे साधारण पन्नास-साठ पमोन्या, एका कणसामागं एक धरा. एकट्यानं होत नाही. ब्राझीलमध्ये, विशेषतः गोयास आणि मिनास जेराइस या राज्यांत, या जमण्यालाच नाव आहे, पमोन्याडा. घरातले, शेजारचे, सगळे येतात. कोणी सोलतं, कोणी किसतं, कोणी बांधतं, आणि एक जण चुलीपाशी बसून सगळ्यांना सूचना करतो. आपल्याकडं पापड-कुरडयांना बाया जमतात तसं. मी शेजारच्या नानांना आणि काकूंना बोलावलं. ते भावकीतले. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्याचं हे वेगळं सांगायला नको, दरवर्षी लाखोंनी माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत मुक्काम. गाव भरलेलं असतं ते याच दिवसांत, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. कणीस चिकात आणि माणसं घरात, दोन्ही एकदम असायचे हे एवढेच दिवस.

कणीस सोलण्यात एक कसब आहे. पानं फाटता कामा नयेत, कारण तीच पुढं वाटी होणार. भुट्टा खायला आपण वरून खाली सोलतो तसं सोललं की चिंध्या होतात. पद्धत अशी की देठाकडचा बुडखा, जिथं पानं चिकटलेली असतात तिथंच, एका घावात उडवायचा. मग पानं एकेक करून अख्खी सुटतात. ब्राझीलमध्ये यासाठी मोठी सुरी घेतात. मी विळी काढली. काकू म्हणाल्या, "सर बाजूला," आणि घरातून कोयता घेऊन आल्या. साठ कणसं, साठ घाव, दहा मिनिटं. एक पान फाटलं नाही. मी बघतच राहिलो. युट्यूबवर असं एकही सोलणं मला दिसलेलं नाही.

रुंद पानं वेगळी काढा, गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवा म्हणजे मऊ पडतात. केस सगळे काढा, दाताखाली आलेले वाईट लागतात. मग किसायचं. कणीस आडवं धरून किसणीवर, आणि दाणे संपले की सुरीच्या पाठीनं दांडा खरवडायचा, कारण सगळ्यात घट्ट चीक मुळाशी असतो. मिक्सर चालतो, पण दाणे सुरीनं कापून, थोडं थोडं, आणि पाणी न घालता. किसणीचा लगदा जास्त छान बसतो असं माझं मत आहे. मिक्सरमध्ये सालीचे तुकडे फार बारीक होत नाहीत, मग गाळावं लागतं. किसणीत साल बरीचशी कणसालाच राहते.

बारा कणसांचं प्रमाण सांगतो. गोड पाहिजे तर दोनशे ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एक कप दूध लागेल तसं, आणि शंभर ग्रॅम तूप कडकडीत गरम करून लगद्यावर ओतायचं. तूप गरमच पाहिजे. दूध एकदम ओतू नका. कणीस जितकं चिकाकडं तितकं दूध कमी, हुरड्याकडं तितकं जास्त. लगदा भज्याच्या पिठाइतका ठेवायचा. ब्राझीलच्या ईशान्येकडं दुधाऐवजी नारळाचं दूध घालतात, तेही सुंदर लागतं. साखरेऐवजी गूळ घालायचा तर नारळाचंच दूध घ्या, साधं दूध गुळानं फाटू शकतं.

तिखटाचं आमचं आपलं आहे. गोयासकडं मिठाच्या पमोन्यात मधोमध ताज्या पांढऱ्या चीजचा तुकडा ठेवतात, मिरची घालतात, कधी सॉसेज. त्या चीजला जवळचं म्हणजे आपलं पनीर. आम्ही हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पनीर घातलं. आमच्या इथून भूम-कुंथलगिरीचा पट्टा जवळ, खव्यासाठी नावाजलेला, त्यामुळं दुसऱ्या वर्षी गोड पमोन्यात मधोमध खव्याचा गोळा ठेवला. माझ्या सहकारीला फोटो पाठवला तर तिनं आधी रागावलेली इमोजी टाकली आणि मग रेसिपी मागितली.

आता बांधणी. एक रुंद पान घ्या, खालचा तिसरा भाग वर दुमडा, म्हणजे खिसा होतो. त्यात लगदा ओता, पाऊण भरा, फुगायला जागा ठेवा. दुसरं पान उलट्या बाजूनं वरून टोपीसारखं घाला. मग मधोमध बांधा. बांधायला पानाचीच पट्टी फाडून घेतात. माझ्या पट्ट्या सारख्या सुटत होत्या. नानांनी एक पट्टी हातात घेतली, पिळली, गुंडाळली, टोक आत खोचलं. गाठच नाही. मी म्हटलं नाना, हे कसं? म्हणाले, "अरे, मोळी बांधतो तसंच. वाढं काय आणि हे काय." वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, त्यानंच उसाची मोळी बांधतात. त्यानंतर बांधायचं काम आम्ही सगळं नानांकडं दिलं.

पातेल्यातलं पाणी आधी खळखळ उकळलं पाहिजे, मगच पुडकी सोडायची. गार पाण्यात सोडली तर स्टार्च धरायच्या आधीच लगदा बाहेर येतो. वर उरलेली पानं पसरा, ताट झाका. चाळीस ते पन्नास मिनिटं. पान हिरव्याचं पिवळट झालं आणि पुडकं दाबल्यावर टणक लागलं की झालं. काढल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा. लगेच उघडली तर आत मऊ, चिकट असते. म्हणजे तुपीतल्या नावाप्रमाणं.

हे सगळं आजी पडवीत बसून बघत होती. तिला आधी वाटलं मी गाईंसाठी काहीतरी उकडतोय. माणसांनी खायचं आहे म्हटल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं, मी खाणार नाही. कारण विचारलं तर एकच शब्द. मिलो.

आपल्या वयाच्या लोकांना हा शब्द माहीत नसेल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची, तिला मिलो म्हणायचे. आजी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, सतरा-अठरा वर्षांची. दुष्काळी कामावर खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीला जायची. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची भाकरी. जनावरांचं धान्य आपल्याला घातलं, असं तेव्हा लोक म्हणायचे, आणि ती अजून म्हणते. मिलोची भाकरी थापताना तुटायची, रंग लालसर, चव कडवट. म्हणजे आजीच्या हिशोबात परदेशातून आलेलं धान्य म्हणजे मदत, आणि मदत म्हणजे रांग. नातू हौसेनं तेच शिजवायला लागला तर तिला ते विचित्र वाटणारच. मका आपल्याकडं येऊन काहीशे वर्षं झाली, मिलो त्या एका दुष्काळाचं, हे तिला समजावत बसण्यात काही अर्थ नव्हता. ती वनस्पतीशास्त्राबद्दल बोलत नव्हतीच.

मी तिच्याशेजारी बसून दुसरंच सांगितलं. ब्राझीलच्या ईशान्येला सेर्ताओ नावाचा कोरडा प्रदेश आहे. काटेरी झुडपं, पावसाचा भरवसा नाही, अगदी आपल्यासारखा. १८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि १८७७ ते ७९ मध्ये तिकडं. कारण एकच, त्या वर्षांतला जबरदस्त एल निनो. माणसं दोन्हीकडं लाखांनी मेली. तिथं आजही शेतकरी १९ मार्चकडं, संत जोसेफच्या दिवसाकडं, डोळे लावून असतात. तोवर पाऊस आला तर साल चांगलं जाणार, आणि तेव्हा पेरलेला मका जूनच्या सणाला खायला येणार. आपण मृगाकडं बघतो तसं. आणि जून म्हणजे सणांचा महिना. १३ ला सांत आंतोनियो, २४ ला साओ जोआओ, २९ ला साओ पेद्रो. शेकोट्या, नाच, आणि सगळं खाणं मक्याचं. कारुआरू आणि कांपिना ग्रांदे या दोन शहरांत तर कोणाचा सण मोठा यावर चढाओढ असते. गोव्यातल्या मित्रांनो, हाच तुमचा सांजांव. तीच २४ जून, तोच संत. पोर्तुगीजांनी एकच सण दोन ठिकाणी नेला. तुमच्याकडं पाऊस असतो म्हणून डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या, तिकडं तेव्हा हिवाळा म्हणून शेकोटी आणि पमोन्या.

आजीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दुष्काळ पडल्यावर कुठं जातात ती?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, कारण माझ्या सहकारीच्या घरातलंच आहे. तिचे आजोबा पेर्नांबुकोचे, म्हणजे त्याच ईशान्येचे. पाऊस गेला तसे दक्षिणेला साओ पाउलोत आले, ऊस तोडायला. ब्राझील हा जगात सगळ्यात जास्त ऊस पिकवणारा देश आहे, आणि साओ पाउलो तिथलं उसाचं राज्य. तिथल्या अशा रोजंदारीवरच्या शेतमजुरांना एक नाव आहे, बोया-फ्रिया. शब्दशः अर्थ थंड जेवण. पहाटे डबा भरून निघायचं आणि दुपारी फडात तो गारच खायचा, त्यावरून माणसाचं नाव पडलं.

हे मी आजीला सांगत होतो, पण नाना बांधता बांधता थांबले होते. "थंड जेवण?" त्यांनी परत विचारलं. मग काकूंकडं बघून हसले. काकू म्हणाल्या, "आपल्याला तसलं नाव कुणी ठेवलं नाही, एवढंच."

मग नानांनी बरंच विचारलं. तिकडं उचल असते का? टनाला काय मिळतं? बायका जातात का? मी तिला मेसेज करून विचारत होतो, ती सकाळची कॉफी पीत उत्तरं देत होती. बायका जायच्या, तिची आजीही जायची. नानांचा शेवटचा प्रश्न होता, आता कोण तोडतं? साओ पाउलो राज्यानं २००२ मध्ये ऊस जाळून तोडायची पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करायचा कायदा केला. न जाळलेला ऊस हातानं तोडणं फार अवघड, म्हणून यंत्रं वाढली, आणि आता तिकडचा बहुतेक ऊस हार्वेस्टरच तोडतो. नानांनी हार्वेस्टर बघितलाय, गेल्या हंगामात शेजारच्या फडात होता. "मग ती माणसं?" तिनं तिच्या घरचं सांगितलं. एक काका वर्कशॉपमध्ये लागला, दुसरा शहरात बांधकामावर गेला. नाना काही बोलले नाहीत. पुढचं पुडकं हातात घेतलं.

पिरासिकाबा नावाचं गाव त्याच उसाच्या पट्ट्यात येतं, आणि पमोन्यासाठी अख्ख्या ब्राझीलमध्ये प्रसिद्ध आहे. भोंगा लावलेल्या गाड्या गल्लोगल्ली फिरतात, एकाच माणसाचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज, पमोन्या, पमोन्या, पिरासिकाबाच्या पमोन्या. मी नानांना मोबाईलवर ऐकवला. त्यांना तो भंगारवाल्याच्या गाडीसारखा वाटला, आणि खरंच तसाच आहे. तेवढ्यावर वातावरण जरा सैल झालं.

पहिली पुडकी उघडली तेव्हा वास आला तो निम्मा भाजलेल्या कणसाचा आणि निम्मा उकडीचा. अण्णांनी तिखटाच्या दोन खाल्ल्या, तिसरी घेताना म्हणाले की गाईंचं नुकसान झालंय ते झालंय. काकूंना गोड आवडली नाही, फार मऊ लागते म्हणाल्या. आजीनं बराच वेळ हात लावला नाही. मग तिखटाची अर्धी घेतली. तिला वरचे दात नाहीत, भाजलेलं कणीस तिनं कित्येक वर्षांत खाल्लेलं नाही. खाऊन झाल्यावर म्हणाली, "हे तर हुरड्याचं दिंड." त्या दिवसापासून आमच्या घरात पमोन्या हा शब्द कोणी वापरत नाही. दिंड म्हणतात. मिलोबद्दलचं तिचं मत मात्र जसंच्या तसं आहे.

उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही मेसेजमध्ये विचारणारच. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, पानासकट. खाताना परत वाफवा, किंवा काप करून तव्यावर तुपात परता, माझ्या मते ताजीपेक्षा ती भारी लागते. लगदा उरला तर गाळून दूध-साखर घालून आटवा, वर दालचिनी. त्याला साओ पाउलोत कुराऊ म्हणतात, ईशान्येत त्यालाच कांजिका म्हणतात, आणि साओ पाउलोत कांजिका म्हटलं की भलताच पदार्थ येतो, दुधात शिजवलेला अख्खा पांढरा मका. थालीपीठ आणि धपाट्यावरून आपण भांडतो तसंच. इंदूरकडच्या मराठी घरांत भुट्ट्याचा कीस होतो, त्यालाही हाच किसलेला मका चालतो. किसलेले दांडे फेकू नका. गाई खातात.

पहिल्या वर्षी काकूंनी उरलेली रुंद पानं सावलीत वाळवून एका पिशवीत भरून ठेवली. मी विचारलं कशाला, तर असू दे म्हणाल्या. जानेवारीत त्यांच्या मुलीच्या फोनवरून मला एक फोटो आला. कोपीसमोर तीन दगडांची चूल, वर डबा, आणि त्यात पुडकी. शेजारच्या रानातल्या ज्वारीचा हुरडा पाट्यावर वाटून, गूळ घालून, वाळकी पानं पाण्यात भिजवून त्यांनी केलं होतं. खाली व्हॉइस नोट होती. ज्वारीचं मक्यासारखं बसत नाही, जरा फुटतं, मूठभर तांदळाचं पीठ घालावं लागतं. आणि पानाच्या पट्ट्या वाळून तुटत होत्या म्हणून बांधायला वाढं घेतलं.

तांदळाचं पीठ किती, ते मी विचारून ठेवलंय. पाव किलो हुरड्याला दोन मोठे चमचे. भेटू पुढच्या भागात.